कंपनीचें बोलणें आणि कंपनीचें मौन

पूर्वीं मध्यम स्थितींतील घरांची शिल्लक सोनें, पोस्टांतील खातें आणि बँकेंतील मुदतीची ठेव अशा तीन ठिकाणीं विसांवत असे. तिचा हिशेब ठेवावयास वडील माणसास एक वही व एक पेटी पुरे होई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही स्थिति पार पालटली. शेअर बाळगण्यासाठीं लागणाऱ्या डीमॅट खात्यांची संख्या २०२४ सालीं आपल्या देशांत पंधरा कोटींच्या वर गेली. आणि त्यांतील पुष्कळ खातीं अशा घरांतील आहेत कीं, जेथें आजोबांनीं शेअरबाजाराचें नांव जुगाराच्या जोडीनेंच घेतलें होतें. आतां घरांतील प्रत्येक कमावत्या मुलाच्या दूरध्वनीवर वर्षाकांठीं दहा-वीस कंपन्यांचे अहवाल येऊन पडतात, आणि बहुधा ते कोणी उघडूनहि पाहत नाहीं. एकेक अहवाल तीनशें-चारशें पृष्ठांचा असतो हें खरें. पण ज्या घरांत लग्नाच्या यादींतील नारळांचा भाव दोनदां तपासला जातो, त्याच घरानें ज्याच्या हातीं लाखों रुपये सोंपविले त्याचें पत्र न वाचतां टाकावें, हें आम्हांस मोठें चमत्कारिक वाटतें.

अहवालाचे मुख्यतः दोन भाग. एकांत पैशाचा हिशेब असतो: ताळेबंद, नफातोट्याचें पत्रक, रोख रकमेच्या आवकजावकेचें पत्रक आणि त्यांखालील टिपा. दुसऱ्यांत पैशाखेरीज इतर गोष्टी येतात: माणसें किती, अपघात किती, पाणी किती ओढलें, धूर किती सोडला, संचालकांत स्त्रिया किती, तक्रारी किती आल्या व किती मिटल्या. वरवर पाहणारास पहिला भाग सर्व कंपन्यांत एका सांच्यांतून काढलेला दिसतो आणि दुसरा जितक्या कंपन्या तितक्या तऱ्हांचा. या दिसण्यावर वाचकांनीं विसंबूं नये.

ज्यांस मीमांसेची थोडी तोंडओळख आहे त्यांस विधि आणि अर्थवाद हा भेद ठाऊक असेल. वाक्याचा एक प्रकार आज्ञा करतो, त्यापासून बंधन उत्पन्न होतें. दुसरा प्रकार त्या आज्ञेची स्तुति गातो. अध्यक्षमहाशयांचें भागधारकांस पत्र, रोपें लावणाऱ्या हंसतमुख मुलांचीं छायाचित्रें, ‘आम्हीं जगाचें भविष्य घडवीत आहों’ अशा थाटाचीं वाक्यें, हा सर्व अर्थवाद होय. तो वाचूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यावर खर्च उभारूं नये. ज्या शब्दामागें कायद्याचें बंधन आणि हिशेबतपासनिसाची सही आहे तो शब्द निराळा.

प्रथम पैशाचा भाग. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२९ व्या कलमान्वयें हिशेबपत्रकांनीं कंपनीच्या स्थितीचें खरें व यथान्याय दर्शन घडविलें पाहिजे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत पत्रकांचा नमुनाहि दिलेला आहे. बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांस सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणें सामान्यतः तिमाहीचे आंकडे पंचेचाळीस दिवसांत व वर्षाचे साठ दिवसांत जाहीर करावे लागतात. इतकें असूनहि फरक पडतो तो कोठें? एक तर मापेंच दोन आहेत. १ एप्रिल २०१६ पासून पांचशें कोटी रुपये वा अधिक नक्त मालमत्तेच्या कंपन्यांस, आणि पुढील वर्षापासून बाकीच्या बहुतेक नोंदलेल्या कंपन्यांस, नवीं भारतीय लेखामानकें लागूं झालीं. बँकांस मात्र तीं लागूं करण्याचें रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या मार्चमध्यें पुढें ढकललें. तेव्हां बँकेचा ताळेबंद आणि साखर कारखान्याचा ताळेबंद शेजारीं ठेवून तुलना करणें म्हणजे एकाची उंची हातानें व दुसऱ्याची गजानें मोजण्यासारखें आहे.

दुसरा फरक अंदाजाचा. दहा कोटींचें एक यंत्र दोन कंपन्यांनीं घेतलें असें समजा. एकीनें त्याचें आयुष्य दहा वर्षें धरलें, दुसरीनें वीस. पहिलीच्या खर्चांत दर वर्षीं एक कोटीची झीज पडेल, दुसरीच्या खर्चांत पन्नास लाखांची. नफ्यांत पन्नास लाखांचा फरक झाला, आणि यंत्र तर एकच. कायद्यानें निरनिराळ्या मालमत्तेचीं आयुष्यें सुचविलीं आहेत, पण तांत्रिक कारण देऊन त्यांहून निराळें आयुष्य धरतां येतें. तें कारण टिपांत लिहावें लागतें. कोणी दोन ओळींत लिहितो, कोणी एक पान. तीच गोष्ट निरनिराळ्या धंद्यांचे आंकडे वेगळे दाखविण्याची. व्यवस्थापक स्वतःच्या उपयोगासाठीं धंद्याचे जसे विभाग पाडतात तसेच भागधारकांस दाखवावेत, असें १०८ क्रमांकाचें मानक म्हणतें. त्यामुळें पांच धंदे करणारी एक कंपनी पांच रकाने दाखविते आणि दुसरी ‘आमचा एकच विभाग आहे’ म्हणून मोकळी होते.

म्हणून आमचा आग्रह टिपा वाचण्याविषयीं आहे. ताळेबंद म्हणजे सूत्र. त्याचें भाष्य टिपांत. न्यायालयांत अडकलेला कर, दुसऱ्याच्या कर्जास दिलेली हमी, अशीं संभाव्य देणीं ताळेबंदाच्या बेरजेंत येतच नाहींत, तीं केवळ टिपेंत सांपडतात. संचालकांच्या नातलगांशीं झालेले व्यवहार टिपेंत. २०२१ च्या एप्रिलपासून तर एक फारच उपयुक्त कोष्टक सक्तीचें झालें आहे: गिऱ्हाइकांकडील येणें किती दिवसांचें जुनें आहे, सहा महिन्यांच्या आंतलें किती, वर्षाचें किती, तीन वर्षांवरचें किती, हें त्यांत मांडावें लागतें. त्याचबरोबर ठराविक गुणोत्तरें द्यावीं लागतात आणि एखादें गुणोत्तर मागील वर्षाहून पंचवीस टक्क्यांपेक्षां अधिक बदललें असेल तर त्याचें कारणहि लिहावें लागतें. कोणती कंपनी मनापासून बोलते आणि कोणती नाइलाजानें, हें या कारणाच्या रकान्यांत जितकें कळतें तितकें अध्यक्षांच्या दहा भाषणांत कळत नाहीं.

याचा प्रत्यय आमच्या घरींच आला. आमचे थोरले बंधु वारल्यानंतर गांवचें घर विकून वहिनींच्या हातीं अठरा लाख रुपये आले. आमच्या पुतण्याचें म्हणणें पडलें कीं, ही सर्व रक्कम एका मध्यम कंपनीच्या शेअरांत घालावी. तिचा भाव दोन वर्षांत दुप्पट झाला होता आणि तिचा अहवाल म्हणजे एखाद्या दिवाळी अंकास लाजवील असा देखणा होता. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही एकदां वाचून पाहा. मग काय तें ठरवूं.” आम्हांस आंकड्यांची गति बेताचीच, परंतु पुतण्याची पत्नी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. ती म्हणाली, “मामंजी, तुम्ही इंग्रजी वाक्यें लावा, मी रकाने लावतें.” अशा रीतीनें चार संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं तो अहवाल उलट्या बाजूनें, म्हणजे शेवटच्या टिपांपासून, वाचावयास घेतला.

नफा तीस टक्क्यांनीं वाढला होता ही गोष्ट खरी. परंतु रोख रकमेच्या पत्रकांत धंद्यापासून आलेली रोकड वजा होती. माल विकल्याची नोंद झाली, पैसे मात्र आले नाहींत. वर्षाहून जुनें येणें दुपटीहून अधिक झालें होतें. येण्याचें गुणोत्तर इतकें कां बिघडलें, याचें कारण म्हणून ‘व्यवसायांतील बदलामुळें’ एवढे दोनच शब्द. एका संचालकाच्या पत्नीच्या संस्थेस दिलेलें कर्ज त्याच टिपांत होतें. सामाजिक कार्यास मात्र रंगीत सहा पानें वाहिलीं होतीं. पुतण्या म्हणाला, “काका, सगळ्याच कंपन्या असें करतात.” त्यावर सूनबाईनें कांहीं वाद न घालतां त्याच धंद्यांतील दुसऱ्या एका कंपनीचा अहवाल पडद्यावर उघडला. तिचेंहि येणें वाढलें होतें. पण तिनें अर्धें पान लिहून कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकांकडे रक्कम थकली, त्यांपैकीं किती वसूल होण्यासारखी आहे व किती बुडीत धरली, तें सांगितलें होतें. वहिनींनीं दोन्ही पानें ऐकून घेतलीं आणि निकाल दिला: चौदा लाख बँकेंत, चार लाख चिरंजीवांनीं वाटेल तेथें घालावे, पण त्या कंपनींत नव्हे. चिरंजीव पंधरा दिवस जेवतांना आमच्याशीं बोलत नव्हते. त्या कंपनीचा भाव अद्याप उतरलेला नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. तो आम्हांस अधूनमधून ऐकविण्यांत येतो. वहिनींस त्याचें कांहींच वाटत नाहीं.

आंकडे छापले व त्यांवर सही झाली म्हणजे ते खरेच असतात असें मात्र कोणी समजूं नये. ७ जानेवारी २००९ रोजीं सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं स्वतःच पत्र लिहून कळविलें कीं, ताळेबंदांत दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँकशिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये अस्तित्वांतच नाहींत. आदल्याच वर्षीं त्या कंपनीस उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळालें होतें, तें मागाहून काढून घेण्यांत आलें. त्या प्रकरणानंतर पुष्कळ गोष्टी घट्ट झाल्या. हिशेबतपासनिसांच्या फर्मला एका कंपनींत पांच-पांच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात; त्यांच्या कामावर नजर ठेवणारें स्वतंत्र प्राधिकरण २०१८ सालीं स्थापन झालें; आणि तपासणींत कोणत्या बाबींनीं आपणांस सर्वांत अधिक विचार करावयास लावलें, हें आतां तपासनिसास नोंदलेल्या कंपनीच्या अहवालांत लिहावें लागतें. हा उतारा दोन-तीन पानांचाच असतो. अहवालांतलें दुसरें कांहींच वाचावयाचें नसेल तर निदान हा वाचावा. मुदत संपण्यापूर्वींच तपासनीस सोडून गेला असेल, तर त्याचें कारण शोधून काढल्याशिवाय झोंपूं नये.

आतां पैशाखेरीजच्या माहितीकडे वळूं. तिचा इतिहास फार जुना नाहीं. इन्फोसिससारख्या एखाद्या कंपनीनें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आपल्या कर्मचाऱ्यांचें मूल्य काढून तें अहवालांत छापावें, ही त्या वेळीं नवलाई होती. कायद्यानें तें मागितलें नव्हतें. केंद्र सरकारनें २०११ सालीं जबाबदार व्यवहाराचीं ऐच्छिक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. २०१२ सालीं सेबीनें बाजारमूल्यानें पहिल्या शंभर कंपन्यांवर त्यांस धरून एक पत्रक भरण्याचें बंधन घातलें, व पुढें तें पांचशें आणि मग हजार कंपन्यांपर्यंत नेलें. १० मे २०२१ रोजीं त्याच्या जागीं अधिक आंकडेवारीचें नवें पत्रक आलें. त्याचें इंग्रजी नांव लांबलचक असल्यामुळें सर्व जण त्यास ‘बीआरएसआर’ म्हणतात. २०२२-२३ पासून तें पहिल्या हजार कंपन्यांस सक्तीचें आहे. मुंबईच्या शेअरबाजारांत पांच हजारांहून अधिक कंपन्यांची नोंद आहे. बाकीच्यांनीं संचालकांच्या अहवालांत ऊर्जाबचतीचे चार शब्द लिहिले आणि नफ्याच्या दोन टक्के सामाजिक खर्चाचा नियम लागूं असल्यास त्याचा हिशेब दिला, कीं त्यांचें काम जवळजवळ संपलें.

हें पत्रक आमच्या घरांतील स्त्रियांस विशेष आवडलें, आणि त्याचें कारण उघड आहे. किती स्त्रियांस बाळंतपणाची रजा मिळाली, रजेनंतर किती जणी कामावर परतल्या, पाळणाघर आहे कीं नाहीं, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, असे त्यांत प्रश्न आहेत. संचालकाचा पगार हा कर्मचाऱ्यांच्या मध्यम पगाराच्या कितीपट आहे हें तर कंपनी कायद्यानेंच नोंदलेल्या कंपन्यांस सांगावें लागतें. मुलीस कोठें नोकरी धरावी हें ठरवितांना ही माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींपेक्षां कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

परंतु येथें मापांचा घोटाळा पैशाच्या भागाहूनहि अधिक आहे. एक कंपनी आंकडे स्वतःपुरते देते, दुसरी आपल्या सर्व उपकंपन्या धरून देते. पत्रकाच्या आरंभींच तसें लिहिलेलें असतें, पण तें पाहतो कोण? ज्या कंपनीचे सर्व कारखाने उपकंपन्यांच्या नांवावर आहेत तिनें स्वतःपुरतें पत्रक भरलें, तर तिच्या हिशेबीं एका कचेरीच्या विजेपलीकडे कांहीं उरत नाहीं. दुसरें उदाहरण पोलादाचें. धुराचें प्रमाण दर रुपयाच्या विक्रीमागें द्यावयाचें असतें. पोलादाचा भाव चढला म्हणजे विक्रीची रक्कम वाढते आणि हें प्रमाण आपोआप उतरतें, भट्टीनें एक टन धूर कमी सोडला नाहीं तरी! उत्पादनाच्या टनामागें प्रमाण देण्याचाहि रकाना आहे. पाहावयाचा तो पाहावा. बँकेचें पत्रक पाहिलें तर ती अगदीं सोंवळी दिसते: थोडी वीज, थोडा कागद. तिनें ज्या कारखान्यांस कर्ज दिलें त्यांच्या धुराचा वांटा सांगणें पत्रकाच्या ऐच्छिक भागांत मोडतें.

अपघातांचे आंकडे दर दहा लाख मनुष्यतासांमागें दिलेले असतात. त्यांविषयीं आम्ही आमच्या मास्तरकीच्या अनुभवावरून बोलतों. ज्या वर्गाच्या हजेरीपटावर वर्षभर एकहि मुलगा गैरहजर नाहीं, तो वर्ग आदर्श असतो असें नव्हे. पुष्कळदां तो पट महिन्याच्या अखेरीस एकाच शाईनें भरलेला असतो. ज्या मोठ्या कारखान्यांत सलग अनेक वर्षें शून्य अपघात लिहिलेले आहेत तेथें आमची शंका जागी होते, आणि ज्यानें तीन मृत्यु झाले, ते कोणत्या कामावर झाले व पुढें काय सुधारणा केली हें लिहिलें, त्याच्याविषयीं भीति वाटली तरी विश्वासहि वाटतो. या आंकड्यांपैकीं निवडक मुख्य आंकड्यांची त्रयस्थाकडून शहानिशा करून घेण्याचा क्रम सेबीनें ठरविला आहे: २०२३-२४ पासून पहिल्या दीडशें, मग अडीचशें, मग पांचशें, आणि २०२६-२७ पासून हजार कंपन्या.

आतां मौनाविषयीं. एखादी वस्तु दिसत नाहीं म्हणून ती नाहीं असें केव्हां म्हणावें, याचा आपल्या शास्त्रकारांनीं बारकाईनें विचार केलेला आहे. उजेडांत, डोळ्यांसमोर, जमिनीवर घडा असता तर तो दिसलाच असता. दिसत नाहीं, म्हणून नाहीं. यास योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधारांत न दिसलेल्या घड्याविषयीं मात्र असें म्हणतां येत नाहीं. कंपनीच्या मौनास हाच नियम लावावा. जी गोष्ट सांगणें सक्तीचें आहे तिच्याविषयीं मौन असेल, तर एक तर ती घडलेली नाहीं किंवा कायदा मोडला आहे. जी ऐच्छिक आहे तिच्याविषयींच्या मौनापासून कांहींच सिद्ध होत नाहीं. तेथें ‘लागूं नाहीं’ हे शब्द म्हणजे नुसता अंधार. आणि सक्तीलाहि उंबरठा असतो. एखादा मोठा दावा वा तोटा बाजारास तात्काळ कळवावा कीं नाहीं, हें २०२३ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः तीन मापांपैकीं सर्वांत लहान मापावर ठरतें: उलाढालीचे दोन टक्के, नक्त मालमत्तेचे दोन टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातोट्याचे पांच टक्के. तिसरें माप सर्वांत लहान ठरलें असें धरूं. सरासरी दहा कोटी नफ्याच्या कंपनीस पन्नास लाखांचा दावा जाहीर करावा लागेल. पांच हजार कोटी नफ्याची कंपनी दोनशें कोटींच्या दाव्याविषयीं गप्प बसूं शकेल. दोन्ही कंपन्या नियम पाळीतच आहेत. लहान कंपनीच्या नांवावर वाईट बातम्यांचा ढीग आणि मोठीच्या नांवावर शांतता दिसते ती पुष्कळ अंशीं यामुळें.

एक गोष्ट राहिली, ती भाषेची. ज्या कंपनीची नोंदणीकृत कचेरी महाराष्ट्रांत आहे तिला आपल्या निकालाची जाहिरात इंग्रजी दैनिकाबरोबर मराठी दैनिकांतहि द्यावी लागते. बारीक टाइपांतल्या त्या चौकटी आपण सर्वांनीं पाहिलेल्या आहेत, आणि त्यांच्या मराठीविषयीं न बोललेलें बरें. तरी त्या असतात. पाणी किती ओढलें, सांडपाणी कोठें सोडलें, कंत्राटी माणसें किती, अपघात किती, हें पत्रक मात्र इंग्रजींतच निघतें. तें मराठींत छापण्याची सक्ती नाहीं. मुंबईंत बसून पैसे गुंतविणारास तें वाचतां येतें. ज्या नदीच्या कांठीं तो कारखाना उभा आहे, तेथें विहिरीचें पाणी कां बदललें असा ज्यांस प्रश्न पडतो, त्यांच्या घरांत शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तरच त्या किलोलिटरांचा अर्थ लागावयाचा. वहिनींनीं आमच्या सूनबाईस विचारलें कीं, भागधारकांच्या सभेंत हें मागतां येतें काय. मागतां येतें. सभा आतां पुष्कळदां पडद्यावरच भरतात, आणि प्रश्न आधीं लेखी पाठवावा लागतो. आमच्या घरीं ज्या एका कंपनीचे चाळीस शेअर आहेत, तिच्याकडे वहिनींच्या सहीनें तो मराठींतच लिहून गेला आहे.